सासूबाईंसमोर भरलेली प्रश्नावली

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी पुण्यात एक पाहणी केली होती. विषय: सुना सासरी सुखी आहेत का? नमुना निवडायचा म्हणजे काय, तर आमच्याच गल्लीतली घरं. उन्हात हिंडायला नको, शिवाय प्रत्येक घरी पोहे. सून उत्तरं द्यायची, सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलायच्या. एकूणएक सुना सुखी निघाल्या! मी बावळटपणे तसाच निष्कर्ष लिहिला, आणि समाज सुधारला म्हणून मैत्रिणींना सांगत सुटले.

गेल्या वर्षी जर्मनीत, ड्रेस्डेनला, मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, नातीने माझ्यासमोर लॅपटॉप उघडला. तिचा प्रबंध मुलांकडे राहायला आलेल्या आजीआजोबांवर. माणसं दिवाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून उचललेली, मुलाखती घरोघरी, चहा पिता पिता.

"आजी, इथे कसं वाटतं? एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे मस्त."

नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. सून गुणी आहे हो. माझ्यासाठी कुठून कुठून भाजणी शोधून आणायची. पण सात महिने मी त्या घरात होते. खिडकीला दुहेरी काच, रस्त्याचा आवाज वर येत नसे. दार ओढलं की आपोआप बंद, म्हणून किल्ली विसरायच्या धास्तीने मी जिन्यातही एकटी जात नसे. खालच्या ट्राम मोजत बसायची. आणि मुलगा पुढच्या आठवड्यात माझा व्हिसा वाढवायला जाणार होता.

"पाच," मी म्हणाले.

"सुपर! सगळ्यांचे पाचच येतायत."

ते ऐकलं आणि मला त्या शेंगा आठवल्या.

"अगं, बंद कर ते. एकेकाला घराबाहेर काढ, एकट्याला बसव, मग विचार."

"पण आजी, प्रोफेसरांनी मेथड मान्य केलीये."

"माझीही केली होती!"

ती हसली, मग तिने लॅपटॉप मिटला. "आल्झो... चल तर मग, बूट घाल."

नदीकाठच्या बाकावर तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"एक," मी म्हणाले. "कोंडल्यासारखं होतं गं. मला घरी जायचंय."

तिने लिहिलं नाही. "हे बाबांना कोण सांगणार?"

तूच सांग, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण गल्लीतल्या त्या सगळ्या सुनांचं उत्तर मी एकदा चुकीचं लिहून बसले होते; निदान स्वतःचं तरी स्वतःच्या तोंडाने खरं सांगायला हवं होतं.

"मीच सांगते. आज चहाच्या वेळी, तुझ्या आईसमोर. तू फक्त शेजारी बस."