पारोसं तोंड

साखर कारखान्यामागच्या झोपड्यांपाशी, गाव सोडून आलेल्या ऊसतोड बायकांच्या तोंडाची कर्करोगतपासणी होती. डॉक्टर येण्याआधी त्या ओळीने तंबाखूची मिश्री घासत बसल्या होत्या.

"अहो, हिच्यापायीच तर तपासणी!" तपासणीसाठी नावं लिहून घेताना मी म्हणाले.

"मग डॉक्टरला पारोसं तोंड दाखवायचं व्हय, ताई?" कांताबाई म्हणाल्या.

पाहुणे येणार म्हटलं की आपणही पसारा आत लोटूनच दार उघडतो. दुखणंही नीटनेटकं करूनच दाखवावंसं वाटतं.

तपासणीत कांताबाईंच्या गालात पांढरा चट्टा निघाला. डॉक्टरांनी त्यांना उद्याच तालुक्याच्या दवाखान्यात बोलावलं.

"हंगाम उरकू द्या. खाडा केला तर मुकादम वरडंल," त्या म्हणाल्या.

"वरडू द्या, आत्याबाई," मागून सून म्हणाली. "तुमच्या वाटचा ऊस मी तोडते."

कांताबाईंनी हळूच मला विचारलं, "एस्टी किती वाजता असती?"