नवापूरच्या खडकावर लावलेला सूर

माझा डावा कान झोपेतच गेला. सकाळी उठले तर त्या बाजूने काहीच ऐकू येईना, फक्त एक बारीक शिटी अखंड वाजत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कानात इंजेक्शनं दिली आणि शेवटी म्हणाले, "परत येईलही, कदाचित नाहीही येणार. दुसरा मात्र जपा." त्या शेवटच्या वाक्याने मी हादरले. माझं पोट आणि माझं नाव, सगळं कानांवरच चालायचं. बाबा सोलापूरकडून बोईसरच्या कारखान्यात नोकरीला आलेले. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बसून मी लॅपटॉप आणि सिंथेसायझरवर संगीत करायचे. त्यांना ते कधी कळलं नाही, पण मुंबई-गोव्याच्या कार्यक्रमांत माझ्या बीटवर माणसं बेभान नाचायची. छाती हादरवणारा बास ही माझी ओळख. गळ्यातून मात्र मी कधी एक ओळही काढली नव्हती. स्वतःच्या आवाजाची मला लाज वाटायची.

आता हेडफोन हातात घ्यायचीही भीती वाटू लागली. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की मी उजवा कान हाताने घट्ट झाकायचे. रस्त्यावर हॉर्न वाजला तर गाडी कुठून येतेय ते कळायचं नाही, कारण एकाच कानाने दिशा उमगत नाही. एकेक करून मी सगळे कार्यक्रम नाकारले.

आई म्हणाली, "नवापूरच्या खडकावरच्या देवीची ओटी भरून ये."

मी चिडले. "देवी कान दुरुस्त करते का?"

"असं मी कुठं म्हटलं? घाबरून घरात बसली आहेस, त्यापेक्षा जरा तिच्यासमोर जाऊन बस."

आईचे गुडघे खडकांवर चालणारे नव्हते. म्हणून हिवाळ्यातल्या एका सकाळी मी एकटीच स्कूटीवर निघाले.

ती देवी म्हणजे समुद्रात पुढे गेलेल्या कातळावरची लहानशी घुमटी. ओहोटीलाच तिथे चालत जाता येतं, आणि भरतीत ती निम्मी बुडते. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांनी बजावलं, "जा, पन लवकर फिर. पानी मागच्या बाजूनं भरतं." मी ओटी भरली आणि उठायच्या वेळी रडू कोसळलं. देवीकडे काही मागितलंही नाही. "मला भीती वाटते," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. डोळे पुसून मागे वळले तर किनारा दिसेना. दाट धुकं उतरलं होतं. चार पावलं टाकली आणि मागची घुमटीही नाहीशी झाली.

लाटांच्या आवाजावरून दिशा ओळखावी म्हटलं, तर सगळा समुद्र माझ्या उजव्याच बाजूला. मी वळले, तसा समुद्रही वळला. पाणी घोट्यांवरून पोटऱ्यांपर्यंत आलं. चप्पल वाहून गेली आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळवे कापले. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "कुणी आहे का?"

धुक्यातून एका बाईचा आवाज आला, "कोन हाय गं? इकडं ये, माझ्या आवाजावर ये!"

मी आवाजाकडे धावले आणि कमरेएवढ्या पाण्यात कोसळले. नेमकी उलट गेले होते. कशीबशी खडकावर परत चढून मी ओरडले, "मावशी, मला एकाच कानाने ऐकू येतं! तुम्ही कुठे आहात ते कळत नाही!"

मग तिचा आवाज आला, अगदी शांत. "मग हलू नको. हाय तितंच उभी राव. तू गानं बोल, मी येते तुज्याकडं."

"मला गाता येत नाही!"

"नाय तर नाय. वरडून दम जाईल. गा बाय, थांबू नको."

मी डोळे मिटले. तोंडातून "आई" एवढा एकच शब्द निघाला. तो लांबवला, तो थरथरला, फाटला. श्वास घेऊन पुन्हा लावला. पाणी गुडघ्यांवर चढत होतं. ना बीट, ना बास, ना लपायला कुठलं यंत्र. भीती गेली नव्हती, ती त्या सुरातच कापत होती. पण माझ्या हाती दुसरं काही उरलंच नव्हतं. मी गात राहिले.

एका ओल्या, खरबरीत हाताने माझं मनगट धरलं. लुगडं खोचलेली, काखेत कालवांची पाटी घेतलेली एक वयस्क बाई माझ्यासमोर उभी होती. ती मला ओढत निघाली. पायाखाली वाळू लागली तरी मी गातच होते. ती हसली. "आता थांब की. पोचलो."

पाय बरे झाल्यावर तिला साडी घेऊन गेले. ती म्हणाली, "त्या दिशी मी कालवांना जायची नव्हते. सुनेला ताप होता. तरी पाटी उचलली न् गेले. का, ठावं नाय." आणि तिने खडकाकडे वळून हात जोडले. मीही जोडले. जास्त काही विचारलं नाही.

कान परत आला नाही. आता मी सिंथेसायझरवर एकच मंद सूर धरते आणि त्यावर गाते. माझ्या बीटवर नाचणारे बरेच जण पांगले. मुंबईचा एक आयोजक म्हणाला, "हे काय, भजन करायला लागलीस?" असेलही. थोडे लोक खाली बसून ऐकतात, तेवढे मला पुरतात.

उजवा कान टिकेल की नाही, हे मला माहीत नाही. ती भीती अजूनही प्रत्येक गाण्याआधी येते. पूर्वी घाबरले की वाट शोधत धावायचे. आता जागच्या जागी उभी राहते आणि खडकावरच्या देवीला हाक मारते. यायचं काम तिचं.