आईची हरकत

माझ्या वडिलांचं दिवाळं निघालं, पण अत्यंत व्यवस्थित. स्वारगेटजवळ त्यांचं सायकली भाड्याने देण्याचं दुकान होतं. सगळं पुणं स्कूटरसाठी नंबर लावत होतं, तेव्हा त्यांनी कर्ज काढून चाळीस नव्या सायकली घेतल्या. "स्कूटर हे चार दिवसांचं फॅड आहे," असं ते म्हणत. त्या फॅडने दोन वर्षांत दुकान गिळलं.

मग लोक घरी येऊ लागले. पैसे मागायला असं कुणी आलं नाही, सगळे 'सहज' आले. तासभर बसायचं, चहा घ्यायचा, माझ्या सहामाहीच्या गुणांची चौकशी करायची आणि चपला घालताना म्हणायचं, "मग, काही जमतंय का?" ही सहज येणारी मंडळी चुकवायला वडील संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसू लागले. एकदा शेजाऱ्यांनी त्यांना सोलापूरच्या गाडीचं भाडं विचारताना पाहिलं आणि आईला येऊन सांगितलं. तेव्हापासून ते घरी येईपर्यंत आई जेवत नसे. मलाही भीती वाटायची. एखाद्या दिवशी ते आलेच नाहीत तर?

शेवटी त्यांनी वकील गाठला. वकिलांनी सांगितलं, नादारीचा अर्ज करा. जवळ असेल ते कोर्टापुढे ठेवायचं, कुणाचं किती देणं आहे ते लिहून द्यायचं. आहे ते कोर्ट वाटून टाकतं आणि पुढे उरलेल्या देण्यातून मोकळं करतं. भांडीकुंडी, अंथरूण आणि धंद्याची हत्यारं तेवढी आपली राहतात.

यादी करायची म्हटल्यावर वडील कित्येक महिन्यांनी खुलले. बँक, टायरवाला, दूधवाला, वाचनालयाचा दंडसुद्धा त्यांनी लिहिला. आणि सगळ्यांत खाली, वळणदार अक्षरात: पत्नी, सोन्याच्या पाटल्या दोन. दुकानासाठी आईने त्या मोडायला दिल्या होत्या.

"अहो, बायकोचं कोण लिहितं?" वकील वैतागले.

"घेतल्यात ना? मग लिहायला नको?"

सायकली विकून आले तेवढे पैसे वाटून झाले. वडिलांना मोकळं करायची तारीख लागली, तेव्हा बेलीफ आमच्याच दारात आमच्याच आईच्या नावाची नोटीस घेऊन उभा राहिला. वडिलांनी दार उघडलं आणि आत हाक मारली, "अगं, तुझी आहे. सही कर." हरकत असल्यास हजर राहावे, असं तिच्यात लिहिलं होतं.

"मला आहे हरकत," आई म्हणाली.

वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

तारखेला कोर्टात बँकेच्या माणसाने नुसती हजेरी लावली. टायरवाला आलाच नाही. धायरीचा दूधवाला म्हणाला, "जाऊ द्या की सायेब, माणूस चांगला हाय." मग आई उठली.

"बाकीच्यांचं सोडून द्या. माझं तेवढं राहू द्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "का हो बाई?"

"सगळंच सुटलं, तर यांना घरी यायला कारण काय उरणार?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वडील फरशीकडे बघत होते. न्यायाधीश म्हणाले, "कायदा देणं माफ करतो, बाई. फेडणाऱ्याचा हात धरत नाही." आणि त्यांनी वडिलांना सगळ्यातून मोकळं केलं.

हत्यारांची पेटी घेऊन वडील एका गॅरेजात कामाला लागले. स्कूटरच्या! संध्याकाळी सातच्या ठोक्याला घरी येत. स्टँडचं नाव नाही. चारेक वर्षांनी एक पाटली आली. दुसरी आली तेव्हा मी कॉलेजात होते.

"घे. फिटलं," असं म्हणून त्यांनी ती आईच्या हातावर ठेवली. आईने मला पावती वाचायला लावली. वजन जुन्याइतकंच होतं, गुंजेचाही फरक नव्हता. तिने पाटली हातात चढवली, मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "आधीच्या जरा जाड होत्या."

पै-पैचं लिहून ठेवणारा तो माणूस. पावती माझ्या हातात होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पाट ओढून जेवायला बसले आणि त्यांनी विचारलं, "किती जाड?"