वरच्या एसीचं पाणी

सौदीतल्या दम्मामच्या त्या चार मजली इमारतीत कुणाचं मिरचीचं रोप आजारी पडलं की तो ते उचलून शरफुन्निसाकडे घेऊन यायचा. रोप कधी तेलाच्या डब्यात, कधी रंगाच्या बादलीत. माणूस कधी केरळचा, कधी हैदराबादचा. तक्रार मात्र एकच: रोज पाणी घालतो, तरी पानं लुळी पडलीत. बाणकोटची ही बाई आधी पान उलटून पाहायची आणि मग तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायची. बोट ओलं निघालं की समोरच्याची धडगत नसे. मान टाकली म्हणजे तहानच लागली असं कुणी सांगितलं तुला, मुळं कुजवलीस तू त्याची, असं ती आपल्या बाणकोटी हिंदीत सुनवायची.

शरफुन्निसाचा शब्द त्या इमारतीत खाली पडत नसे. तिच्या एका हाकेसरशी जिन्यातल्या चपला रांगेला लागत. नवरा जमालुद्दीन गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात दिवसभर अडकलेला, मुलगी लग्न होऊन पनवेलला गेलेली. हुकूम चालवायला शेजारी आणि कुंड्या एवढेच उरले होते, आणि ते दोघंही ऐकत. याचा तिला अभिमान होता, का नसावा? पण गेल्या ऑगस्टात तिचा हाच शब्द एका माणसाच्या जिवावर बेतला.

तो माणूस म्हणजे हुसेनमियाँ. दाभोळचे, साठी उलटलेले, तिच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत एकटे राहायचे. गोदामावर रात्रीचा पहारा करायचे आणि दिवसा झोपायचे. शुक्रवारी शरफुन्निसा त्यांना सालन-भाताचा डबा पाठवी. डबा घासूनपुसून, आत चार खजूर घालूनच परत येई. परक्या मुलखात आपल्या भाषेत 'जेवलात का' विचारणारं माणूस त्यांना तेवढं एकच होतं.

त्यांच्या खिडकीतला जुना एसी अहोरात्र ठिबकायचा. दम्मामची उन्हाळ्यातली हवा इतकी दमट, की त्या पाण्याने बादल्या भरत. नळाच्या खारट पाण्याने मिरचीच्या पानांच्या कडा करपतात, एसीचं पाणी मात्र गोडं. म्हणून शरफुन्निसाने वरून एक प्लास्टिकचा पाइप खाली आपल्या बाल्कनीत घेतला होता, त्याला भोकं पाडली होती, आणि खाली रांगेने कुंड्या मांडल्या होत्या. पाणी घालण्याची कटकटच संपली होती.

जुलै सरता सरता तिच्या रोपांची खालची पानं पिवळी पडू लागली. मातीला आंबूस वास येऊ लागला, वर चिलटं घोंगावू लागली. बोट घातलं तर चिखल. दुसऱ्यांना ज्यासाठी ती धारेवर धरी, तेच तिच्या घरात झालं होतं. राग आला, पण काढायचा कुणावर? नेमके त्याच वेळी हुसेनमियाँ पहाऱ्यावरून परतताना जिन्यात भेटले.

"हुसेनमियाँ, तुमच्या एसीनं माझी रोपां बुडवली! एकट्या जीवाला येवढा गारवा कशाला हवाय? जरा कमी चालवा की."

हुसेनमियाँनी छातीवर हात ठेवला. "करतो कमी, भाबी. तुमी सांगितलंत म्हंजे झालं."

ती अर्धी थट्टेतच बोलली होती. दारापर्यंत पोचेस्तोवर विसरूनही गेली.

रोपं सावरली. पिवळी पानं गळाली, नवी ताठ उभी राहिली, आणि शरफुन्निसाने त्याचं श्रेय आपल्या तोंडाला दिलं. आणखी एक बरं झालं होतं. वरची घरघर थांबल्यामुळे दुपारची झोप छान लागू लागली. ती का थांबली, हे तिने विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी हुसेनमियाँ स्वतःच डबा परत द्यायला आले. डबा अर्धा भरलेलाच होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, चेहरा उतरलेला.

"बरं नाय काय?"

"दुपारची झोप लागत नाय, भाबी. उनाळा हाय."

सब्जा भिजवून प्या, असं सांगून तिने दार लावलं. एवढ्या लक्षणांचं पान कुणी आणलं असतं, तर तिने ते चारदा उलटून पाहिलं असतं.

त्यानंतर रोपांनी पुन्हा माना टाकल्या. जमालुद्दीन म्हणाला, पाणी घाल. "तुमाला काय कळतंय? मुळां कुजलेली हायत. सुकू दे माती," तिने त्याला गप्प केलं. बोट घालून पाहायचीही तिला गरज वाटली नाही, डोक्यावर पाइप होताच. मग पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरचुरीत झाल्या. फुलं गळाली, बोटभर मिरच्या सुरकुतल्या.

शुक्रवारची नमाज पढून आलेल्या जमालुद्दीनने शेवटी स्वतःच कुंडीत बोट घातलं. "शरफू, ही माती बग गो."

माती कोरडीठाक होती. आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली होती. शरफुन्निसाने वर पाहिलं. पाइपच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं होतं. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, उन्हाने रेलिंगला हात लाववत नव्हता, आणि वर सगळं शांत होतं. चप्पल न घालताच ती जिन्याकडे धावली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून वाफ अंगावर आली. खोलीला खिडकी एकच, आणि ती एसीच्या खोक्याने पुरती बुजलेली. हुसेनमियाँ बनियनवर फरशीवर पडले होते. अंग भट्टीसारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. जमालुद्दीन फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगू लागला. शरफुन्निसाने एसीचं बटण दाबलं. तो लगेच घरघरत सुरू झाला. बिघडलेला नव्हताच.

"बंद का ठेवलात?" ती ओरडलीच. "मियाँ, बंद का ठेवलात?"

त्यांनी डोळे किलकिले केले. "कमी होत नाय त्यो... बटण मोडलाय. येक तर चालू, नाय तर बंद." मग जीभ ओठांवरून फिरवत म्हणाले, "रोपां बरी हायत ना आता?"

शरफुन्निसाला रडू फुटलं. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"बरी हायत," ती म्हणाली. "हिरवीगार हायत."

हुसेनमियाँ समाधानाने हसले. ॲम्ब्युलन्स आली, त्यांना घेऊन गेली, आणि दिवस मावळतीच्या, मगरिबच्या नमाजाआधीच ते गेल्याचा निरोप आला. शरफुन्निसा बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तो पाइप तिने हाताने धरून पाहिला. हलकाच होता. त्या दिवशी जिन्यात तोंड उघडण्याऐवजी तिने तो वीतभर बाजूला सरकवला असता, तरी भागलं असतं.