नमुन्याचा ब्लाउज

"आधी माप, मंग कात्री," असं म्हणून आमच्या क्लासच्या बाई कात्री खिळ्याला अडकवून टाकायच्या. खिळा मुद्दाम उंच ठोकलेला. मापं वहीत लिहून दाखवल्याशिवाय ती कात्री खाली यायची नाही, मग पोरी कितीही गयावया करोत. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि चेहरा असा, की कापड जणू त्यांच्या माहेरून आलंय. अशी एखादी बाई तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुमचं गाव कमनशिबी, एवढंच म्हणेन.

तीर्थपुरीत बाजाराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या एका खोलीत त्यांचा शिलाई क्लास होता. सात मशिनी. सहा पायाच्या आणि एक मोटारीची. मोटारीची अर्थातच बाईंची. लाइट गेली की आमच्या सहा मशिनी खडखडत राहायच्या आणि बाई मांडीवर हात ठेवून बसून राहायच्या.

"बाई, पाय मारा की," आम्ही म्हणायचो.

"माझे पाय राणीचे हायेत. त्यायला काम सांगायचं न्हाई."

मागून आम्ही त्यांना शेठाणी म्हणायचो. हे त्यांना ठाऊक होतं.

गावाशी त्यांचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. आपल्याकडे बायका शिवायला टाकताना सोबत जुना ब्लाउज देतात. हा नमुना, याच्यासारखा शिवा, म्हणजे माप द्यायची भानगड नको. बाई तो नमुना हातातसुद्धा घ्यायच्या नाहीत. "हा मागल्या सालच्या अंगाचा हाये. औंदाचं अंग कुठंय? हात वर कर." एकदा गावातल्या एका बड्या घरच्या बाईंनी गड्याच्या हाती कापड आणि नमुना पाठवला. बाईंनी दोन्ही परत पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, "अंग पाठवा." त्या बाई आठ दिवस फुगून बसल्या आणि नवव्या दिवशी मुकाट्यानं येऊन हात वर करून उभ्या राहिल्या.

मी क्लासला जायला लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पदरात दोन लेकरं. महिन्यातले तीन दिवस मी माणसात नसायचे. ओटीपोटात असा पिळा पडायचा की उलट्या व्हायच्या, कंबरेपासून मांड्यांपर्यंत सगळं ठणकायचं. ओवा झाला, गरम विटेचा शेक झाला, मेडिकलवाल्याच्या गोळ्या झाल्या. आई म्हणायची, लग्न झालं की थांबतं. लग्न झालं. मग म्हणाली, लेकरू झालं की थांबतं. दोन झाली.

एका सकाळी मी क्लासमध्येच कतरणीच्या ढिगावर आडवी झाले. बाईंनी पोटाशी गरम पाण्याची बाटली दिली, मेडिकलमधून आणलेली गोळी आधी काही खाऊ घालूनच दिली आणि मापवही काढली. माझं पान उघडलं. छाती, कंबर, बाही, आणि त्याखाली त्यांनी तारीख घातली.

"कवापासून दुखून राह्यलं?"

"तुम्ही अस्तर कापत होत्या तेव्हापासून."

त्यांनी मान वळवून शिवून झालेले ब्लाउज मोजले आणि लिहिलं, "अस्तराचे दोन ब्लाउज. उलटी तीनदा. मशिनीवर बसली न्हाई."

"दुखण्याचं कसलं माप घेता, बाई?"

"माप नसलं की लोकं नाटक म्हणतेत," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

पुढे दर महिन्याला हे चालू राहिलं. त्या दिवसांत मी घरी असले तर क्लासला आल्यावर माझ्याकडून सगळं वदवून घ्यायच्या. किती पॅड लागले, झोप लागली का, मधल्या दिवसांतही दुखलं का. मला हसू यायचं. ब्लाउजच्या मापाखाली माझ्या पोटाची हकीकत, हे काही मी कुठे पाहिलं नव्हतं.

त्या साली सोयाबीन निघून पैसा हाती आला की माझं ऑपरेशन करायचं, असं घरात ठरलं. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवी म्हणतात, आणि पिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्याइतकं सोपं समजतात. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, बत्तिसाव्या वर्षी काढून घेतली होती. जवळच्याच एका खासगी डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद दोन मिनिटं पाहिला आणि काढून टाका म्हणाले. आत्याबाई मनानं वाईट नव्हत्या. माझ्यासाठी वीट तापवणाऱ्या त्याच होत्या. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा खूश होते. एकदाचं सुटेन, असं मला वाटत होतं. क्लासमध्ये मी पेढे वाटावेत तशी ती बातमी सांगितली.

बाईंची मशीन थांबली. लाइट होती, तरी थांबली.

त्याच दिवशी संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या. ओसरीवर टेकल्या, चहाला नको म्हणाल्या.

"अक्का," त्या आत्याबाईंना म्हणाल्या, "तुमच्या मापावर मी सूनबाईचा ब्लाउज शिवून धाडला, तर घेताल का?"

"असं कोण शिवतंय?"

"मंग तुमच्या नमुन्यावर हिचं आपरेशन कसं काय करून राह्यले?"

आत्याबाईंना राग आला. "डॉक्टरनं सांगितलंय. दोन लेकरं झाली, आता तिचं काम काय? मी न्हाई का चालून फिरून राह्यले?"

"दुसऱ्या डॉक्टरला बी दाखवू. त्यानं बी हेच सांगितलं, तर मी सोता हिच्या उशाला बसते. पण पोरीचं माप कोणीच घेतलं न्हाई, अक्का. कागदाचं घेतलं."

शेवटी माझा नवरा म्हणाला, "जाऊन येऊ द्या. सोयाबीन काही पळून चाललं न्हाई." त्या एका वाक्यासाठी मी त्याच्या पुढच्या पुष्कळ चुका पोटात घातल्या आहेत.

मग बाई मला जालन्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. "दुखतं," एवढंच मी म्हणाले आणि पदराशी चाळा करत राहिले. बाईंनी पिशवीतून मापवही काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर पानं उलटत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

"अस्तराचे दोन ब्लाउज म्हणजे किती वेळ?"

"तीन तास. साधे असते तर दोन."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी ते तीन तास आपल्या कागदावर लिहून घेतले. मग मला म्हणाल्या, "इतकी वर्षं हे कसं सहन केलंत?" आणि मी रडायला लागले. असं मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

तपासण्या झाल्या, सोनोग्राफी पुन्हा आणि सावकाश झाली. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, त्यासारखाच थर बाहेर, अंडाशयावर वाढला होता. दर महिन्याला तिथेही रक्त साकळायचं, म्हणून हा ठणका. नुसती पिशवी काढून तो जाईलच असं नाही. या वयात आधी औषधं. पुढे ऑपरेशनची वेळ आलीच तर काय काढायचं, काय ठेवायचं, ते मला विचारून.

"म्हंजे अस्तर भायेरून लागलंय," बाई म्हणाल्या.

"जवळजवळ तसंच."

आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. ते बाईंनी डॉक्टरांकडून वहीत लिहून घेतलं आणि बसस्टँडपर्यंत तुकडे तुकडे करून पाठ केलं.

एसटीच्या पायरीवर मात्र त्या अडल्या. पाय उचलेना. मी खालून आधार दिला. जागेवर बसल्यावर त्यांनी गुडघे चोळले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझी चोविसाव्या वर्षी काढली. अंडाशयासकट. कोणी सांगितलं न्हाई, मी बी इचारलं न्हाई. डॉक्टरला कळल्यालं, त्यापायी हाडं ठिसूळ होऊन बोलाया लागली तवा मला कळलं. मोटार हौसेची न्हाई, पोरी. पायात जोरच न्हाई."

आम्ही केलेली 'पाय मारा'ची आणि 'शेठाणी'ची सगळी थट्टा मला आठवली आणि मान वर करवेना. बाईंना ते कळलं असावं.

"शेठाणी म्हणा," त्या म्हणाल्या. "बरं वाटतं."

गोळ्या लगेच लागू पडल्या नाहीत. पहिले दोन महिने अंगावरून थोडं थोडं जात राहिलं, डोकं दुखायचं. मी सोडून देणार होते, पण बाईंनी मला पुन्हा जालन्याला नेलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. सहाव्या महिन्यात माझ्या पानावर बाईंनी लिहिलेलं अजून आहे, "हिनं आज पाच ब्लाउज शिवले. दुखलं न्हाई म्हणते. खरं असावं." आजही कधी कधी दुखतं. पण मी कतरणीवर आडवी होत नाही, आणि वर्षातून दोनदा तपासून येते.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाई आपल्या भाचीला घेऊन क्लासच्या दारात उभ्या राहिल्या. पोरगी पोट धरून वाकली होती. "हिचं माप घ्या," आत्याबाई म्हणाल्या. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ब्लाउजचं न्हाई." बाईंनी नवं पान उघडलं.

दोन वर्षांपूर्वी बाई पुण्याला लेकाकडे राहायला गेल्या. जाताना मापवह्या, ती खिळ्यावरची कात्री आणि आपली मशीन माझ्या हवाली केली. क्लास आता मी चालवते. नमुन्याचे ब्लाउज मीही परत पाठवते आणि लोकांचे टोमणे खाते.

गेल्या दिवाळीत त्या आल्या होत्या. काठी टेकत, पण टेप गळ्यात. मी त्यांच्याच मशिनीवर बसले होते. त्यांनी वाकून खाली पाहिलं.

"मोटार काढली का?"

"ठेवलीये कपाटात. मी पायानं चालवते, बाई."

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. एक अख्खी बाही शिवून होईपर्यंत माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"बराबर," एवढंच म्हणाल्या.