तोरामावशी आणि जिवंत ठेवलेले धनी

तोरामावशीला आमच्या कामेझावा गावात सगळे ओळखत, पण घरी कुणी बोलवत नसे. बोलावणं यायचं ते एकाच कामाचं. गावात कुणी गेलं की त्याला अंघोळ घालायची, आखडलेले हातपाय सोडवायचे, शेवटचे कपडे चढवायचे. लग्नाबिग्नात तिची सावली नको, आणि घरात कुणी डोळे मिटले की पहिली धाव तिच्याच दाराशी. मला लहानपणापासून या गोष्टीचं नवल वाटायचं.

"तुला राग नाही येत गं?" मी एकदा विचारलंच.

"कशाचा राग? लग्नातलं जेवण मला पचत नाही. आणि आज ना उद्या सगळे माझ्याच हाताखाली यायचेत. नवरदेवसुद्धा."

अशी ती फटकळ. बुटकी, रुंद खांद्यांची, मुळ्याचं लोणचं चोखत चालणारी. तिचा नवरा घाटात मालाची घोडी हाकायचा. एका हिवाळ्यात घोड्यासकट दरीत गेला. तेव्हा हे काम देवळातला एक गडी करायचा, आणि तो कायम तर्र. "तो बेवडा माझ्या माणसाला हात लावणार? मीच बसले पाण्याचं घंगाळ घेऊन," असं ती सांगायची. एकदा बसली ती बसलीच. मी तिच्या मागे मागे फिरायची, आणि आई मला त्यापायी बदडायची. मला मेली खोडच ती, झाकलेलं दिसलं की उघडून बघायची.

आमचं घर म्हणजे सरदारांचं उतारघर. साऱ्या देशाचा कारभार शोगूनच्या हाती, आणि त्याचा हुकूमच असा की प्रत्येक सरदारानं एक वर्ष त्याच्या राजधानीत, एदोत काढायचं, एक वर्ष आपल्या मुलखात. बायकामुलं मात्र कायम एदोत, शोगूनच्या नजरेखाली. त्यामुळे आमच्या रस्त्यावरून यांच्या स्वाऱ्यांची सतत ये-जा. स्वारी आली की आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला कपाळ टेकून पडायचो. उतारघरातही वाढायला त्यांचीच माणसं. सरदारांच्या लोकांच्या गवती चपला मी ढिगानं पाहिल्या असतील. सरदाराचं तोंड म्हणाल तर एकाचंही नाही.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, तेव्हा मी नुकती मोठ्या मुलींसारखे केस वर बांधायला लागले होते. मिझुहारा मुलखाच्या धन्यांची स्वारी भर बर्फात आली. धनी तरुण, पंचविशीच्या आतले. एरवी पालखी दारात ठेवतात आणि धनी उतरून आत जातात. या वेळी पालखी उचलून थेट आतल्या दालनात नेली. धन्यांना खोकला झालाय, दोन दिवस आराम करतील, असं त्यांच्या मोठ्या कारभाऱ्यानं बाबांना सांगितलं. कारभाऱ्याचं नाव इसोगाई. काडीसारखा म्हातारा, आणि तो स्वतः त्या दालनाच्या दाराशी ठाण मांडून बसला.

आता मला सांगा, खोकल्याच्या माणसाला शेगडी नको? मी निखारे भरून नेले तर इसोगाईंनी दारातूनच परत पाठवले. "धन्यांना धुराचा त्रास होतो." बरं, असेल. पण पेज आणि खारवलेलं आंबट फळ आत जायचं ते वाडगं चाटूनपुसून बाहेर यायचं. आजाऱ्याला एवढी भूक? आणि दाराशी बसलेले इसोगाई, ज्यांनी आमच्या देखत स्वतःचंही पूर्ण जेवण जेवलेलं, ते ढेकर देत होते. मला राहवेना. मी स्वयंपाकघरात बाबांना गाठलं.

"बाबा, आत कोण जेवतंय?"

बाबांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला आणि दार लोटलं. "तुझी जीभ एक दिवस आपल्याला सगळ्यांना नेणार आहे. ऐक, आणि गिळून टाक. धन्यांना मूलबाळ नाही. एदोत दहा वर्षांचा धाकटा भाऊ आहे, त्याला दत्तक घ्यायचाय. पण दत्तक घ्यायचा तर धन्यांनी जिवंतपणी घ्यायला हवा, शोगूनच्या माणसासमोर शिक्का उठवून. तो तपासनीस एदोहून निघालाय."

"आणि तो पोचायच्या आत धनी..."

"तर मुलूख खालसा. हे अंगणात बर्फ झाडतायत ना, ते सगळे बायकापोरांसकट रस्त्यावर. आणि ज्यांनी लपवलं त्यांचं, ज्यांच्या छपराखाली लपवलं त्यांचं..." बाबांनी मानेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "जा, तोराला घेऊन ये. मागच्या दारानं. कुणी विचारलं तर धन्यांचे पाय चोळायला बोलावलीय म्हण."

मला सगळं कळलं. आणि खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी मला वाटलं ते असं, की आज सरदाराचं तोंड बघायला मिळणार.

तोरामावशी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली, म्हणजे कुणाला संशय नको. मी गरम पाण्याची बादली घेऊन तिच्या मागे. आत गेले आणि पहिल्यांदा दिसलं काय, तर इसोगाईंच्या तोंडातून वाफ निघत होती, मावशीच्या निघत होती, माझ्याही. भिंतीशी टेकून बसवलेल्या माणसाच्या तोंडातून निघत नव्हती.

पालखीतच गेले होते ते, घाटात. जसे बसलेले तसेच आखडले होते, मांडी घालून, मान एका अंगाला. तोंड म्हणाल तर साधंच. आमच्या टोपलीवाल्याच्या मुलासारखं, नाकाशी जरा फुगीर. मी एवढी वर्षं याच तोंडांसाठी मान खाली घातली होती. जरा हिरमुसलेच.

"दोन दिवस असेच ठेवलेत?" मावशी इसोगाईंना म्हणाली. "एवढी तलवारवाली माणसं अंगणात, एकालाही सरळ निजवता आलं नाही?"

"प्रयत्न केला. मोडेल की काय असं वाटलं."

"माणूस मारायला शिकवतात तुम्हाला. मेलेल्याला निजवायला कुणी शिकवत नाही. सरका."

कुणा कारभाऱ्याशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पण इसोगाई निमूट सरकले. मावशीनं गरम पाण्यात फडकी पिळली, गुडघ्यांवर ठेवली, आणि चोळत बसली. हळूहळू एकेक सांधा सैल व्हायला लागला. उजव्या गुडघ्यावर जुना व्रण होता. तिचा हात तिथे थांबला तसे इसोगाई म्हणाले, "चेरीच्या झाडावरून पडले होते. मीच चढवलं होतं. माझ्या खांद्यावरच वाढलेत ते."

मावशीनं वर बघितलं. "कारभारी, नाक लाल झालंय तुमचं."

"थंडी आहे."

"बरं. बाहेर कुणी विचारलं तर तेच सांगा."

दुपार कलेपर्यंत धनी गादीवर सरळ निजले. नवे कपडे चढवले, गळ्यापर्यंत रजई ओढली, उशाशी बुटका पडदा लावला. तपासनीस आला की तोंडाशी गरम पेजेचं वाडगं ठेवायचं ठरलं, म्हणजे वाफ दिसत राहील. ही युक्ती इसोगाईंची. मग शिक्का उठवायला हात बाहेर लागेल म्हणून रजई कमरेपर्यंत खाली घेतली. सगळं ठीक दिसत होतं. मला तरी वाटलं.

तपासनीस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मला वाटलं होतं कुणी उग्र मिशाळ येईल. आला तो एक जाडसर, सर्दी झालेला, बर्फानं पाय भिजलेला माणूस. दालनात येऊन बसला. दोन हात अंतरावर धनी, मध्ये पडदा, पडद्याच्या कडेनं छाती आणि हात दिसत होते. पायाशी मावशी, चोळणारी बाई म्हणून. मी चहा घेऊन आत गेले, वाकले, पेला ठेवला, आणि उठताना माझी नजर धन्यांच्या छातीवर गेली.

जित्या माणसाच्या अंगरख्याची डावी बाजू वर येते. उजवी वर येते ती फक्त मढ्याची. दूध पिणाऱ्या पोरालासुद्धा आम्ही कधी उलटं गुंडाळत नाही. आणि धन्यांची उजवी बाजू वर होती. मावशीच्या हातांनी जन्मभर एकच घडी घातली होती. सवयीनं तीच घातली गेली, आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

तपासनीस तिकडेच बघत होता. पेला त्यानं उचलला नाही. इसोगाईंनी त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. अंगणात कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं तेवढा आवाज.

मावशीनं मान वळवली. तिलाही दिसलं. ती गुडघ्यांवर सरकत उशाशी गेली आणि धन्यांवर खेकसली, "कितीदा सांगितलं, तापात आपल्या हातानं कपडे घालू नका म्हणून? बघा कसे घातलेत ते. पाहुणे आलेत, काही लाजलज्जा? हात करा बाजूला."

सरदाराला. शोगूनच्या माणसासमोर. इसोगाईंनी डोळे मिटून घेतले. मावशीनं धन्यांचा हात उचलला, अंगरखा सोडला, डावी बाजू वर घेऊन नीट गुंडाळला, हात परत ठेवला, आणि पुटपुटत पायाशी जाऊन बसली.

तपासनीस शिंकला. बाहीनं नाक पुसलं. मग हळूच म्हणाला, "आजारी माणूस ऐकत नाही. आमचे वडीलही असेच होते."

त्याला कळलं होतं की नाही? सांगा तुम्हीच. मी इतकी वर्षं हा प्रश्न चघळतेय. कळलं असेल तर त्यानं स्वतःची मान पणाला लावली. नसेल कळलं तर असल्या माणसाला तपासनीस कुणी केला? मावशीला विचारलं तर म्हणायची, "तुला काय करायचंय? दिसतं ते सगळं बोलायचं नसतं, एवढं त्याला कळत होतं. तुला अजून कळत नाही."

पुढचं सगळं रीतसर झालं. त्यानं विचारलं, धाकट्या भावाला दत्तक घेण्याची आपली इच्छा आहे ना. इसोगाई पडद्याआड वाकले, कान धन्यांच्या ओठांपाशी नेला, आणि म्हणाले, "हो म्हणतात." त्यांनी धन्यांचा हात आपल्या हातात धरला आणि शिक्का उठवला. तपासनिसानं जमिनीला कपाळ लावलं. "प्रकृतीला जपावं," म्हणाला, आणि उठला. दाराशी एकदा थांबला, मागे न बघता म्हणाला, "आम्ही घाट उतरेपर्यंत धन्यांची तब्येत अशीच राहील, अशी आशा आहे."

म्हणजे त्याची माणसं उतारघरात आहेत तोवर या दालनात कुणी मेलेलं चालणार नव्हतं. ती माणसं ओसरीवर बसून गरम शेवया ओरपत होती, दहा पावलांवर, मध्ये फक्त कागदी दार. त्यांच्यात एकाच्याही मनात आलं असतं तर सगळं मुसळ केरात.

मी पेला उचलायला आत गेले. इसोगाई धन्यांजवळ बसले होते. एवढे दिवस ताठ असलेली पाठ वाकली होती. ते धन्यांच्या हाताकडे बघत होते, बोटांना शिक्क्याचं लाल लागलं होतं. बाहीनं ते पुसत होते आणि पुसलं जात नव्हतं. मग त्यांनी तोरामावशीला विचारलं, अगदी हळू, लहान मूल परवानगी मागतं तसं, "बाई, आता रडलं तर चालेल का?"

"नाही चालायचं," मावशी म्हणाली. "माणसं ओसरीवर आहेत."

त्यांनी मान हलवली. ओठ दाताखाली धरले. पण ते थांबायचं नव्हतं, कुणालाही दिसत होतं. छातीतून काहीतरी वर येत होतं आणि तो काडीसारखा म्हातारा त्यानं गदगदा हलत होता. मावशीनं रजईचं टोक उचलून त्यांच्या तोंडाशी दिलं. "यात रडा. पोटभर रडा." मग माझं मनगट धरून मला खाली बसवलं. "आणि तू हस."

"काय?"

"हस म्हणते ना. धनी काहीतरी बोललेत आणि तुला हसू आवरत नाहीये. मोठ्यानं."

आणि ती स्वतः हसायला लागली, खदाखदा, मांडीवर थाप मारून. "अहो धनी, पुरे की, पोरीच्या पोटात दुखायला लागलं. अशा गोष्टी सांगतात होय बायकांना?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र हसण्याचा. मीही हसले. इसोगाईंचं डोकं धन्यांच्या छातीवर होतं, रजई दातांत धरलेली, आणि ते त्यांना बाळपणीच्या नावानं हाका मारत होते. ते नाव बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी आणखी मोठ्यानं हसले.

ओसरीवरचा कुणीतरी म्हणाला, "धन्यांना बरं वाटतंय वाटतं आज."

"तरुण आहेत," दुसरा म्हणाला. "शेवया आणखी आहेत का विचार."

त्यांची घोडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघी हसत राहिलो.