न झिजणारा दगड

"झिजू द्या की हो त्याला, झिजायसाठीच हाय त्यो!" ग्राइंडरच्या दगडाची काळजी करणाऱ्या प्रत्येकाला आप्पा हेच ऐकवायचे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कार्यालयात खुर्च्या यायच्या होत्या, दुष्काळ मात्र आधीच येऊन बसला होता. गावोगाव बोअर पाडणारी गाडी आमच्याकडे होती. मी कारकून आणि आप्पा ग्राइंडरवर बिटला धार लावणारे. बिट म्हणजे काळा पाषाण फोडणारं लोखंडी तोंड. त्याचे दात पोलादापेक्षा कठीण.

आप्पा कपाळाला भस्म लावून यायचे. दुपारपर्यंत त्यावर दगडाची एवढी धूळ बसायची की भस्म कुठलं आणि धूळ कुठली ते कळायचं नाही. नवा दगड चढवण्याआधी ते हातोडीच्या लाकडी मुठीनं त्याला हलकेच ठोकायचे आणि कान लावायचे. तडा असला की आवाज बद्द येतो.

"आप्पा, दगड काय म्हणतोय?" आम्ही चिडवायचो.

"म्हनतो, ह्या कारकुनाला कामाला लावा."

मग नवे साहेब आले. दगड फार लवकर संपतात, असं त्यांच्या नजरेस आलं. जुना जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही, असा हुकूम निघाला. अहो, जो धूळ होऊन उडाला तो जमा कसा करायचा? आप्पांनी जमिनीवरची भुकटी झाडून पिशवीत भरली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. "घ्या, जुना दगड." आम्ही हसलो, साहेब हसले नाहीत. त्यांनी शोधून शोधून न झिजणारा दगड मागवला.

आप्पांनी हात जोडले. "साहेब, कडक धातूला मऊ दगड लागतो. बोथट कण गळला तरच खालचा धारदार वर येतो. ह्यो गळतच न्हाई, नुसता घासतो. दात तापून तडकतील."

"आता तुम्ही शिकवणार मला?" असं म्हणून साहेबांनी लेखी हुकूम दिला.

दोन बिटांतच तो दगड घासलेल्या ताटासारखा चकाकायला लागला. ती बिटं उदगीरकडच्या एका गावाला गेली. दात तडकले, बिट तुटून खोल भोकातच अडकलं आणि बोअर वाया गेला. गाव पुन्हा टँकरची वाट बघत बसलं.

अहवालात काय लिहिलं असेल, हे तुम्हीही ओळखलं असेल. 'कारागिराचा निष्काळजीपणा.' दगडाचं नावसुद्धा नाही! आजही संताप येतो. साहेबांचा येतोच, पण जास्त स्वतःचाच येतो. तो अहवाल मीच टाइप केला. लेखी हुकूम माझ्याच फायलीत होता आणि मी तो बाहेर काढला नाही. नोकरी नवी होती, एवढीच माझी मर्दुमकी.

आप्पांना मशीनवरून काढून फाटकावर बसवलं. आयुष्यभर धार लावलेल्या हातात काठी दिली. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले.

त्यानंतर त्या गावात दुसरा बोअर पाडायला गाडी गेली. कागद घेऊन मीही गेलो. पाणी लागलं. गर्दीतून एक म्हातारी माझ्यापाशी आली.

"तुमच्या हापिसातला एकच मानूस आलता इथं, मागचं भोक वाया गेलं तवा. कपाळाला भस्म होतं. पदरच्या पैशानं यष्टीनं आलता. दारोदार हात जोडून म्हनला, माझ्या हातचं बिट तुटलं, माफ करा. कुठं हाय त्यो?"

"बदली झाली," मी म्हणालो.

"हाव का? मग पानी लागलं म्हून सांगा त्याला," ती म्हणाली. "लई जिवाला लावून घेतलं होतं त्यानं."